घरचे दाणे

पाट्यावर पुरण वाटता वाटता जनकाबाईचा हात थांबला. ओसरीवर पोरींचा गलका चालला होता तोवर काही नव्हतं. तो एकाएकी बंद पडला, तशी तिनं मान वर केली. पोरी अशा गप्प होतात त्या दोनच वेळी. साप निघाला तर, नाहीतर पाहुणा आला तर.

साप असला तर बरं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिनं जीभ चावली.

"वहिनी, वो वहिनी!" बाहेरून इंद्रभानचा आवाज आला. इंद्रभान म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यानं जुळवलेल्या, आणि उरलेल्या निम्म्या आपल्यामुळेच टिकल्या असं तो सांगत फिरे. "पाहुने आले. थेट गाडी भेटली त्यायले. मोतीराम कोठी हाये?"

"वावरात," ती दाराआडून म्हणाली. "वांग्यायले पानी देऊन राह्यले. तुमी तं सांजीले येनार होते न?"

"आता कायची सांज वो! सकाऊन वरवटले चहा पेले अन् दुपारी डोनगावात उतरले. एस.टी. हाये म्हटलं, बैलगाडी थोडीच हाये. मी आनतो मोतीरामले. तुमी पाहुन्यायले पानी द्या."

आणि तो निघूनही गेला. माणसाला संकटात टाकून झपाझपा निघून जाण्यात इंद्रभानचा हात धरणारा कुणी नव्हता.

जनकाबाईनं दाराच्या फटीतून पाहिलं. शेजारच्या पोरी कुंपणावरून पसार झालेल्या. ओसरीच्या खांबाला टेकून एक उंच, वाळका म्हातारा डोक्यावरचा पटका सोडून वारा घेत होता. आणि त्याच्यापुढे, नाकाला खडू लागलेला, मुठीत कवड्या, अशी तिची शारदा उकिडवी बसली होती. तिच्यासाठी काढलेलं हिरवं लुगडं पेटीवर घडीत पडलेलं. दाखवायची मुलगी अशी दिसायची नसते. पण मुलगी तर दिसून गेली होती.

म्हातारा म्हणजे उकंडराव, वरवट बकालचा. धाकट्या मुलासाठी, उद्धवसाठी, मुलगी पाहायला आलेला. घरची विहीर, केळीची बाग, मुलगा निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच जनकाबाईची पंचाईत होती. घाई मात्र फार होती. उकंडरावाची बायको सोजराबाई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. धाकट्याच्या कपाळी बाशिंग पाहिलं की मग डोळे मिटीन, असं तिनं म्हटलं होतं म्हणे. म्हणून लग्न फाल्गुनातच व्हायचं. आणि शारदाची मॅट्रिकची परीक्षा मार्चात.

"परीक्षा काय, मंगही देता येते," मोतीराम म्हणाला होता. असं म्हटलेली कुठलीही परीक्षा डोणगावात आजवर कुणी दिलेली नव्हती. पुढे अमरावतीला कॉलेज आहे, शाळेतल्या बाई म्हणतात मला प्रवेश मिळेल, असं शारदानं एकदा भीत भीत काढलं होतं. "अमरावती दूर हाये," एवढंच बोलून तो हात धुवायला उठला होता.

आता एकच गोष्ट बाकी होती. पाहुण्यानं मुलीकडचं गोड तोंडात घातलं की बोलणं पक्कं. मग ते मोडायची कुणाची छाती नव्हती. म्हणून पाट्यावर पुरण होतं. जनकाबाई ते आपल्या हातानं वाटत होती, आणि जितकं हळू वाटता येईल तितकं हळू वाटत होती.

"हे काय काढलं वं पोरी?" उकंडराव विचारत होता.

"मुलूख," शारदा म्हणाली. मुठीतल्या कवड्या तिनं पाठीमागे लपवल्या.

"कोनाचा?"

"आमचाच. खेळ हाये."

ओसरीभर खडूच्या आणि विटकरीच्या रेघा पसरल्या होत्या. शारदाला लहानपणी गोवर निघाला आणि घराबाहेर पडायची बंदी झाली, तेव्हा तिनं हा मुलूख पहिल्यांदा काढला. लोणारला मामाकडे पाहिलेलं खाऱ्या पाण्याचं तळं त्यात होतं, पण त्याच्या तळाशी राक्षस झोपलेला. वाघाचं रान होतं. जत्रा होती. एक किल्ला होता, त्याला दार नव्हतं, आणि पार टोकाला, तुळशीवृंदावनाच्या बुडाशी, सोन्याच्या पानांचं झाड. टप्प्याटप्प्यानं कवड्या टाकत तिथवर जायचं, पान तोडायचं आणि घरी आणायचं. गेली किती वर्षं सणासुदीला ओसरी सारवली की मुलूख पुसला जाई, आणि सारवण वाळलं की पुन्हा उगवे. दर वेळी थोडा मोठा.

"मंग खेळ की," उकंडराव खाली बसत म्हणाला. "मोतीराम येईस्तोवर म्या काय खांब मोजू?"

"तुमी?"

"काऊन? बुढ्यायले मनाई हाये का तुह्या मुलखात?"

शारदानं दाराकडे पाहिलं. जनकाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाण्याचा तांब्या उंबऱ्याबाहेर सरकवला. नाही कसं म्हणणार? भावी सासऱ्यानं खेळ म्हटलं की खेळायचं. आणि हरायचं. हे कुणी शिकवावं लागत नाही.

शारदानं त्याला निळ्या बांगडीचा तुकडा दिला, स्वतः लाल घेतला. दोन कोपऱ्यांत दोन घरं आखली होती, त्यांत ज्वारीचे मूठमूठ दाणे ठेवलेले.

"हे कायले?"

"ते घरचे," ती म्हणाली. "नंतर सांगते."

जनकाबाई पाट्यापाशी परतली खरी, पण तिचा कान ओसरीवरच होता. म्हातारा झकास खेळत होता. वाघ आडवा आला तर वाघाला शिव्या देत होता, जत्रेत पोचला तर "कोन्या वाराची हाये वं जत्रा?" म्हणून विचारत होता. पोरीचा आवाज हळूहळू मोकळा झाला. मध्येच त्यानं विचारलं, "शिकतं का?"

"हाव. मॅट्रिकले हावो."

"परीक्षा कवा?"

"मार्चात."

पाट्यावरचा वरवंटा थांबला. बाहेर नुसता कवड्यांचा खुळखुळ झाला.

"होईल होईल," उकंडराव म्हणाला. "लगन झाल्यावर पाहू. टाक तू."

वरवंटा पुन्हा फिरला. यावेळी जरा जोरात.

मग खडावांचा भाग आला. ती शारदाची युक्ती. लहानपणापासून पोर उतावळी. इतक्या लांबचा मुलूख एकदा चालून झाला की परतताना तिला कंटाळा येई. म्हणून तिनं उडत्या खडावा आणल्या. जिथं एकदा पायी गेलात, तिथं पुन्हा जायचं तर चालायला नको. खडावा म्हणायचं आणि उचलून ठेवायचं. वाटेत वाघ नाही, राक्षस नाही, काही नाही.

"म्हंजे पापनी लवते न लवते तं तिकडे?" म्हातारा एकदम खूश झाला. "हे तं आमची एस.टी.च झाली की! खडावा! ने मले जत्रेत."

तो जत्रेत गेला. जत्रेतून तळ्यावर. घरच्या राणीसाठी चोळी घ्यायची राहिली म्हणून पुन्हा जत्रेत. तिथून वाघाच्या रानात, केवळ वाघाला वाकुल्या दाखवायला. निळा तुकडा मुलखाच्या या टोकाहून त्या टोकाला नाचत होता.

"गाडी सुरू झाल्यापासून माहं असंच झालं पाह्य," तो सांगत होता. "ह्या हंगामात किती गावं झाली, ध्यानातही नाई. आकोट झालं, शेगाव झालं, तिकडे चिखली झालं. पहिले कसं, एक पोरगी पाहाले जा, दोन मुक्काम जाताना, दोन येताना. आता सकाऊन जा, सांजीले घरी. बुढी म्हनते, रोज कोठी जाता? म्या म्हनलं, तुह्याच कामाले जातो न बाई! तुले सून पाह्यजेन न?" तो हसला. मग निळा तुकडा चिमटीत फिरवत म्हणाला, "परवा घरी गेलो तं मले म्हने, तुमी कोन? तापात होती. तापात मानूस बोलते काईबाही. टाक, टाक कवड्या."

जनकाबाई पुरणाचे हात तसेच घेऊन उठली आणि दाराच्या फटीशी आली.

तिची नजर मुलखावर गेली नाही. म्हाताऱ्याच्या घराकडे गेली. दाणे जसेच्या तसे होते. मूठभर, शीगोशीग.

शारदानं एकही उचलला नव्हता.

दाणे ही जनकाबाईची भर होती. मुलखात तिनं घातलेली तेवढी एकच गोष्ट. त्या वर्षी मोतीराम खामगावच्या कापसाच्या जिनिंगात हंगामाला गेला होता. सासूला इकडे घटसर्प झाला. निरोप गेला, तो मालमोटारीत बसून धावत आला, रस्त्यात कुठं थांबला नाही, पाणी प्याला नाही. आला तेव्हा स्मशानात राख थंड होत होती. "मी तं लगेच आलो," तो किती दिवस हेच म्हणत राहिला, प्रत्येकाला, जणू कुणी नाही म्हणत होतं. त्यानंतर एकदा शारदा खडावा घालून भराभर उडत असताना जनकाबाई म्हणाली होती, "तू उडतं ते ठीक. पन घरी बसेल मानसाचे दिवस कोन मोजीन?" आणि तिनं घरात दाणे मांडले. टप्प्याला एक दाणा. चाललात तर चालता चालता एकेक कमी होतो, तुमच्या डोळ्यांदेखत. उडालात तर जेवढा रस्ता वाचला तेवढे दाणे एकदम उचलायचे आणि अंगणात चिमण्यांना टाकायचे. रस्ता वाचतो, दाणे वाचत नाहीत. घर रिकामं झालं की तिथला दिवा गेला.

पोरींना हा नियम मुळीच आवडला नव्हता. पण पाळत होत्या. शारदा तर सगळ्यांत कडक पाळायची.

आणि आज तिनं पाहुण्याचे दाणे सोडून दिले होते. जनकाबाईला कळलं, का ते. पाहुणा म्हणून तर होतंच. पण त्या म्हाताऱ्याच्या घरी खरोखर एक बाई दिवस मोजत पडली होती, आणि पोरीला हे दाणे त्याच्यासमोर उचलवत नव्हते. लेक तिच्यापेक्षा मऊ निघाली होती.

निळा तुकडा झाडापाशी पोचला.

"सोन्याचं पान!" उकंडरावानं मांडीवर थाप मारली. "आता खडावा अन् सीधा घरी. झालं न? जितलो न म्या?"

"हाव," शारदा म्हणाली. "जितले."

रस्त्याच्या वळणावर इंद्रभानचा मोठा आवाज ऐकू येऊ लागला होता. म्हणजे मोतीराम सोबत होता. आता ते येतील, पाय धुतील, पाटावर बसतील. म्हातारा जिंकलेला आहे, खुशीत आहे. पोळीचा पहिला घास तो हसत हसत खाईल. जनकाबाईच्या बोटांवर पुरण वाळायला लागलं होतं. आत जावं, तवा टाकावा. असंच सगळं चाललं होतं, असंच चालतं.

ती उंबऱ्यावर आली.

पाहुण्याशी ती बोलणार नव्हती. तसं बोलत नाहीत. ती लेकीशी बोलली. "शारदा, त्यायचे दाने उचल."

शारदानं चमकून वर पाहिलं. "माय, राहू दे न. पाहुने हायेत."

"खेळात पाहुना नसते. उचल."

"कायचे दाने?" उकंडराव म्हणाला.

 शारदाचं नाक लाल झालं होतं. खडूचा डाग त्यावर आणखीच पांढरा दिसत होता.

"सांग त्यायले," जनकाबाई म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटत होता. तिनं चौकट धरली. चौकटीला पुरण लागलं.

शारदानं सांगितलं. खाली मान घालून, हळू, एका दमात. म्हातारा ऐकत होता. पहिल्यांदा तो हसतच होता, मग हसू नुसतं ओठांवर राहून गेलं.

"हे तू मले पहिले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी लय खूश होते," ती म्हणाली.

तो त्या ढिगाकडे वळला. मग म्हणाला, "उचल."

"राहू द्या न, बाबाजी."

"उचल म्हटलं न. म्या काय लहान हावो का?"

ती उचलू लागली. जत्रा ते तळं. तळं ते जत्रा. वाघाच्या रानापर्यंत. एकेक फेरी तो बोटानं दाखवत होता, "हे राह्यलं... हे राह्यलं," आणि ती दाणे उचलून अंगणात टाकत होती. चिमण्या उतरल्या. झाडापर्यंतच्या टप्प्यांवर ती पोचायच्या आतच बोटांना जमीन लागली. सारवलेल्या भुईवर नुसता ढिगाचा गोल ठसा.

"अन् घरी जायचं तं अजून बाकीच हाये," उकंडराव म्हणाला.

शारदानं हातातला शेवटचा दाणा अंगणात टाकला.

"पान तं म्या तिच्यासाठीच..." तो थांबला. निळा तुकडा त्याच्या चिमटीत होता. तो खाली ठेवावा की धरून ठेवावा, हे त्याला सुचत नसावं. एक धीट चिमणी ओसरीच्या कडेवर आली, मान वाकडी करून पाहू लागली, आणि म्हातारा तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तिनंच त्याला काही विचारलं होतं.

मग तो उठला. पटका डोक्याला गुंडाळला, नीट नाही, कसातरी. "मेहकरकडे गाडी केव्हा हाये आता?"

"येईनच आता," शारदा म्हणाली. "चिंचेपाशी थांबते."

त्यानं पायांत वहाणा सरकवल्या तेवढ्यात मोतीराम आणि इंद्रभान दारात आले. मोतीरामच्या पिंढऱ्यांपर्यंत चिखल होता. तो धावतच आला होता.

"रामराम, रामराम! अवो, उठले काऊन? बसा न. पान वाढतेच हाये..."

"येतो," उकंडराव म्हणाला.

"म्हंजे? जेवन?"

"गाडी चुकीन."

"काई चुकलं का आमचं?"

"चुकलं तं माहं," म्हातारा म्हणाला, आणि त्याच्या अंगावरून निघून गेला. वाटेत तो थबकला नाही. वळणावर एकदा त्याचा पांढरा पटका दिसला, मग तोही नाही.

इंद्रभान आधी मुलखाकडे, मग शारदाकडे, मग चौकटीवरच्या पुरणाकडे पाहत राहिला. "वा!" तो म्हणाला. "सोयरा डावात हरवला. अशी पोट्टी म्या जिल्ह्यात पाह्यली नाई."

 मोतीराम ओसरीच्या पायरीवर बसला आणि पिंढरीवरचा चिखल नखानं खरवडू लागला. मग चौकटीवरच्या पुरणाकडे पाहून त्यानं विचारलं, "तू त्यायच्यासमोर बोलली का?"

"मी पोरीशी बोलली," जनकाबाई म्हणाली.

त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या घरात कुणीच खाल्ल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बैलांना गेल्या, आणि बैलांनी मात्र काही कमी पडू दिलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. पाहुणा उपाशी गेला, ही गोष्ट गावात चुलीगणिक फिरली. विहिरीवर कौशल्याबाई म्हणाली, "ऐकलं, तुमच्या घरी ज्वारीचे दाने मोजून पाहुना घालवते म्हने." बायका हसल्या. जनकाबाईही हसली, आणि घागर भरायच्या आधीच उचलून चालू लागली. मोतीराम भाकरी खायचा, वावरात जायचा, यायचा. बोलणं नाही. पूर्वीही तो फार बोलत असे असं नाही, पण न बोलण्याचेही प्रकार असतात. संसारात राहून माणसाला ते कळायला लागतात.

एका संध्याकाळी शारदा पुस्तक मिटून म्हणाली, "माय, तू मले वाचवलं का बुडवलं?"

"मले काय माहीत," जनकाबाई म्हणाली. "तू वाच."

मुलूख तसाच होता. तो पुसायला कुणाचा हात झाला नाही. मोतीराम ओसरीवरून जाताना रेघांवर पाय पडू न देता जात असे. रागात असला तरी.

मग एक दिवस चिंचेपाशी गाडी थांबली, आणि कंडक्टर खाली उतरून विचारू लागला, दाण्यांचा खेळ खेळणारी पोरगी कुठली? पोरांनी त्याला थेट ओसरीवर आणून सोडला. गाडी भरलेली, तिकडे भोंगा वाजत होता. त्याच्या हातात धोतराच्या धडप्याची एक पुरचुंडी होती.

"वरवटच्या बुढ्या बाबाजीनं देल्ली," तो म्हणाला. "ह्या गाडीहून त्या गाडीत, हातोहात आली. कागद नाई, पत्र नाई. निरोप तोंडीच हाये, अन् मेहकरवाल्यानं मले तो घोकून घ्याले लावला." त्यानं डोळे मिटले. "दिवा हाये अजून. आता घरीच हावो. डाव मोडू नका, पोरीचे पेपर होऊ द्या. मंग येईन, रस्त्यानं थांबत थांबत येईन." त्यानं डोळे उघडले. "काई समजलं का तुमाले? मले तं काईच समजलं नाई."

"समजलं," जनकाबाई म्हणाली. पाहुण्याशी नाही, परक्या कंडक्टरशी. पण हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पुरचुंडीत ज्वारी होती. मूठभर, टपोरी, त्याच्या घरची. शारदानं ती त्याच्या रिकाम्या घरात ओतली. जनकाबाईनं वाकून त्यातले काही दाणे उचलले आणि अंगणात फेकले.

"हे काऊन?"

"तो गेला त्याले दिवस झाले न."

मोतीराम बैलाच्या मानेला तेल चोळत गोठ्याच्या दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. "दिवा हाये म्हने का?" त्यानं विचारलं. एवढंच विचारलं. मग तो बराच वेळ त्या एकाच बैलाची मान चोळत राहिला. तेल कधीच जिरलं होतं.

परीक्षेचं केंद्र मेहकरला होतं. तिथं नात्यातल्या विमलबाईकडे शारदानं राहायचं ठरलं. सकाळच्या गाडीला मोतीरामनं तिची पेटी स्वतः टपावर चढवली आणि कंडक्टरशी दोरीवरून भांडणही करून घेतलं. शारदा खिडकीतून वाकली.

"माय, माहे दाने उचलजो रोज. दिवसाले एक, मी मेहकरहून येईस्तोवर. फसवू नको."

"मी कायले फसवू?"

गाडी निघाली. धूळ बसायच्या आत ती पुलापलीकडे गेली होती. हात हलवायला वर केलेला जनकाबाईचा हात अजून वरच होता.

मोतीराम तसाच वावराकडे वळला. ती घरी आली. ओसरीवर कुणी नव्हतं. मुलखात लाल तुकडा जत्रेच्या पुढच्या टप्प्यावर ठेवून गेली होती पोर, जाता जाता, घाईत. तिच्या घरातले दाणे किती थोडे उरले होते, हे जनकाबाईनं आजवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्याच घराकडे पाहत राहिली होती ती.

ती खाली बसली. एक दाणा उचलला. अंगणात चिमण्या आल्याच होत्या. त्यांना वेळ बरोबर कळते. दाणा तिनं बोटांत फिरवला, फिरवला, आणि टाकला. नियम तिचाच होता.

मग ती उठून आत गेली. कणगीच्या तोंडात हात घातला, मूठ भरून बाहेर आणली, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि लेकीच्या घरात ओतली. ढीग नीट दिसू नये म्हणून तिनं तो तळहातानं पसरला.

"काय करून राह्यली?"

मोतीराम पायरीवर उभा होता. विळा विसरला म्हणून परतला होता. तिनं पदर सावरला. "झाडून राह्यली," ती म्हणाली.

त्यानं खुंटीवरचा विळा काढला. मुलखाच्या रेघा ओलांडून परत पायरीपर्यंत गेला आणि थांबला. ढिगाकडे पाहिलं.

"एवढ्यानं काय होते?" तो म्हणाला. "अजून टाक. अमरावती दूर हाये."